ज्याच्या हातीं चेंडूच दिला नाहीं

आमच्या ज्येष्ठ बंधूंचा नातू अमेरिकेंत शिकावयास आहे. गेल्या सुटींत तो घरीं आला असतां एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें घरांतील लहानथोर मंडळींस दिवाणखान्यांत एकत्र बसविलें आणि तिकडील फुटबॉलचा एक सामना पडद्यावर दाखविला. अर्ध्या तासांतच निम्मी मंडळी पेंगूं लागली. आमच्या वहिनी मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, "अरे, ह्या चेंडूला कोणी पाय कां लावीत नाहीं? नांव तर पायाचें!" नातवास उत्तर सुचेना, तेव्हां आम्ही मध्यें पडलों. 'कुशल' या शब्दाचा मूळ अर्थ बोटांस इजा न होऊं देतां दर्भ तोडून आणणारा असा आहे, असें आमचे अलंकारशास्त्राचे गुरुजी सांगत. परंतु आज एखादीस कुशल सुगरण म्हटलें तर दर्भ कोणाच्या मनांत येत नाहीं. हा शब्दहि तसाच रूढ झालेला समजावा. एवढ्यानें वहिनींचें समाधान झालें असें दिसलें नाहीं. त्यांनीं दुसरा प्रश्न केला, तो मात्र आम्हांस फार मार्मिक वाटला. "बाकीचे सगळे एकमेकांच्या अंगावर पडताहेत, आणि तो एकटाच मागें उभा राहून इकडे तिकडे पाहतो आहे, तो कोण?"

तो क्वार्टरबॅक. या खेळांत प्रत्येक पक्षाचे अकरा गडी असतात. मैदान शंभर यार्ड लांब, आणि त्याच्या दोन्ही टोकांस दहा दहा यार्डांचा एकेक पट्टा. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावयाचें. सरकला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यांत शिरलें म्हणजे टचडाऊन. त्याचे सहा गुण, आणि त्यावर एक लाथ नीट बसली कीं सातवा. दुरून लाथेनें चेंडू दोन खांबांच्या मधून धाडला तर तीन. (म्हणजे पाय अगदींच लागत नाहीं असें नव्हे, हें वहिनींना मागाहून सांगितलें.) प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं मधला गडी वांकून आपल्या दोन्ही पायांमधून चेंडू मागें देतो, तो क्वार्टरबॅकच्या हातीं. त्याला दोनतीन सेकंदांचाच अवधि असतो. तेवढ्यांत चेंडू जवळच्या गड्याच्या बगलेंत देऊन त्याला धांवावयास लावावयाचें, कीं दूर पळत गेलेल्या गड्याकडे फेंकावयाचा, आणि फेंकावयाचा तर कोणाकडे, हें त्यानें ठरवावयाचें; आणि हें ठरवीत असतां समोरून धिप्पाड माणसें त्याला जमीनदोस्त करण्याच्या इराद्यानेंच धांवत येत असतात.

अलीकडे कोणता डाव खेळावयाचा तें प्रशिक्षक बाहेरून, शिरस्त्राणांत बसविलेल्या यंत्राच्या द्वारें, क्वार्टरबॅकच्या कानांत सांगतात. ही सोय १९९४ पासूनची. आम्ही ज्या काळाची हकीकत सांगणार आहों त्या काळीं एखादा प्रशिक्षक गड्याकरवीं निरोप धाडी, परंतु डाव ठरविण्याचें काम बहुधा क्वार्टरबॅककडेच असे. दहा गडी त्याच्या भोंवतीं वांकून कोंडाळें करीत, आणि तो सांगेल तें ऐकत. नातवानें त्या रात्रीं आम्हांस एक नांव सांगितलें. त्या माणसाविषयीं मिळेल तें आम्ही पुढें कित्येक दिवस वाचीत होतों.

जॉन काँस्टंटाइन युनायटस याचा जन्म ७ मे १९३३ रोजीं पेनसिल्व्हेनिया राज्यांतील पिट्सबर्ग शहरीं झाला. घराणें मूळ लिथुएनियाकडील. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाच्या भट्ट्यांचें गांव, आणि त्या काळीं घरें उबदार ठेवावयाचीं तीं कोळशावर. वडिलांचा घरोघर कोळसा पोंचविण्याचा लहानसा धंदा होता. १९३८ सालीं, जॉनी पांच वर्षांचा असतां, वडील वारले. मागें पत्नी आणि चार मुलें. या हेलनबाईंनीं कोळशाचा धंदा बंद पडूं दिला नाहीं. तो चालविला, त्याच्या जोडीस दुसरीं कामें केलीं, आणि रात्रीच्या शाळेंत जाऊन हिशेबनिसी शिकून घेतली. दिवसभर कोळसा, आणि रात्रीं जमाखर्चाचे धडे! आपल्या वाचकभगिनींपैकीं पुष्कळींनीं आपल्या आजी-पणजीच्या अशाच हकीकती ऐकल्या असतील, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं. एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, संकट आलें असतां आवाज न चढवितां पुढचें काम हातीं घ्यावयाचें, हें त्या मुलानें घरांत रोज पाहिलें होतें.

मुलगा शाळेच्या संघांत खेळूं लागला. त्याचें मन नोत्र दाम या प्रख्यात विद्यापीठाकडे होतें. तेथील लोकांनीं त्याला पाहिलें आणि हा फारच किरकोळ आहे, अंगावर मोठीं माणसें पडलीं तर जिवावर बेतेल, म्हणून नको म्हटलें. गांवचें पिट्सबर्ग विद्यापीठ घ्यावयास तयार होतें, परंतु तेथील प्रवेशपरीक्षेंत तो उतरला नाहीं. शेवटीं केंटकी राज्यांतील लुईव्हिल विद्यापीठानें त्याला शिष्यवृत्ति दिली. या खेळांत त्या विद्यापीठाचें नांव त्या काळीं फारसें कोणी घेत नसे. तेथें पोंचला तेव्हां त्याचें वजन १४५ पौंड होतें. चार वर्षें तो तेथें खेळला, हारी अधिक पाहिल्या, आणि थोडा भरला.

अमेरिकेंत विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची धंदेवाईक संघ पाळीपाळीनें निवड करितात. १९५५ च्या निवडींत नवव्या फेरींत, १०१ जण निवडून झाल्यावर, त्याच्याच गांवच्या पिट्सबर्ग स्टीलर्स संघानें त्याचें नांव घेतलें. संघाकडे आणखी तीन क्वार्टरबॅक होते. प्रशिक्षक होते वॉल्ट कीसलिंग. खरा हंगाम सुरू होण्यापूर्वीं सरावाचे कांहीं सामने होतात, ते मुळीं नव्या गड्यांस पारखून घेण्यासाठींच. त्यांपैकीं एकाहि सामन्यांत युनायटसला मैदानांत सोडलें नाहीं, आणि हंगामाच्या तोंडावर रजा दिली. संघ चालवावयास लागणारें डोकें या मुलाला नाहीं, असें प्रशिक्षकांचें मत होतें, हें मागाहून सर्वतोमुखीं झालें. परतीच्या बसचे पैसे त्याला मिळाले होते. ते न खर्चितां, वाटेंत भेटेल त्या मोटारीस हात करीत तो घरीं आला. आदल्याच वर्षीं त्याचें लग्न झालें होतें.

येथें आम्हांस क्षणभर लेखणी थांबवावी लागते. प्रवेशपरीक्षेंत उतरला नाहीं हें आम्ही समजूं शकतों. प्रश्न विचारला, उत्तर चुकलें. अंगानें किरकोळ होता हेंहि खरें. तराजू खोटें बोलत नाहीं. परंतु चेंडू हातीं दिलाच नाहीं, आणि खेळतां येत नाहीं असा निकाल मात्र दिला, हें वाचतांना आम्हांस आमच्याच वर्गांतील एक मुलगा आठवला. तो बोलतांना अडखळे. संस्कृतच्या तासाला नामांचीं रूपें विचारीत आम्ही ओळीनें त्याच्यापाशीं आलों म्हणजे त्याला सोडून पुढच्याला विचारीत असूं. चारचौघांत त्याची फजिती होऊं नये, एवढाच आमचा हेतु होता, आणि या हेतूबद्दल आम्हांस मनांतून थोडा अभिमानहि होता. पुष्कळ वर्षांनीं एका लग्नांत तो भेटला. वांकून नमस्कार केला, पंक्तींत आमच्यापुढें आग्रहानें जिलबी वाढली, आणि हंसत हंसत म्हणाला, "गुरुजी, तीन वर्षें तुमच्या वर्गांत होतों. सगळीं रूपें पाठ होतीं. तुम्हीं कधीं विचारलींच नाहींत." तो अजूनहि अडखळत होता, परंतु वाक्य पुरें केलें. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

असो. युनायटस इमारतींच्या कामावर लागला. जमिनींत खांब ठोकणाऱ्या यंत्रावर चढून काम करावयाचें, आणि आठवड्यांतून एकदां ब्लूमफील्ड रॅम्स नांवाच्या एका मोहल्ल्याच्या संघांत खेळावयाचें. मैदान म्हणजे उघडी माती; दर सामन्यास ६ डॉलर. लुईव्हिलसारख्या विद्यापीठांत चार वर्षें नांव केलेल्या मुलानें हें करावें याची कोणास लाज वाटली असती. त्याला हंगामभर हात चालता ठेवावयाचा होता, आणि घरांत ६ डॉलरांचीहि गरज होती.

पुढील वर्षीं बाल्टिमोर कोल्ट्स या संघास एक जास्तीचा क्वार्टरबॅक हवा होता. त्यांच्याकडून टेलिफोन आला. त्या टेलिफोनास ८० सेंट पडले असें सांगतात. प्रशिक्षक वीब यूबँक पुढें थट्टेनें म्हणत कीं, ब्लूमफील्डच्या संघांत एक चांगला मुलगा आहे असें एका चाहत्याचें पत्र आम्हांस आलें होतें, आणि तें जॉनीनेंच लिहिलें असावें असा आम्हांस संशय आहे. वर्षाला ७,००० डॉलर ठरले.

१९५६ च्या हंगामांतील चौथा सामना शिकागो बेअर्स या संघाशीं होता. पहिला क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ याचा पाय जायबंदी झाला, आणि युनायटसला आंत पाठविलें. त्यानें फेंकलेला पहिलाच चेंडू प्रतिपक्षाच्या गड्यानें मधल्यामध्यें पकडून थेट शेवटच्या पट्ट्यांत नेला. त्यानंतर आपल्याच गड्यांच्या हातीं चेंडू देतांना तो सांडला. सामना ५८-२७ असा हरला. त्या दिवशीं पिट्सबर्गच्या प्रशिक्षकांस आपला निकाल बरोबर होता असें वाटलें असल्यास आम्ही त्यांस दोष देणार नाहीं. परंतु यूबँक यांनीं पुढच्या सामन्यांत चेंडू पुन्हां त्याच्याच हातीं दिला. तो सामना जिंकला. त्याच्या पुढचाहि जिंकला. आणि त्याच वर्षीं ९ डिसेंबरपासून एक गोष्ट सुरू झाली, तिचें महत्त्व त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें नसेल. तेथून ओळीनें ४७ सामने, १९६० च्या डिसेंबरपर्यंत, एकहि सामना असा गेला नाहीं कीं ज्यांत त्याच्या फेंकीवर निदान एक टचडाऊन झाला नाहीं. हा विक्रम मोडावयास २०१२ साल उजाडावें लागलें; तो ड्रू ब्रीझ यानें मोडला.

दिसावयास तो कसा होता? छायाचित्रांत पाहावें तर खांदे किंचित् वांकलेले, पाय धनुष्यासारखे, केस सैनिकासारखे बारीक कापलेले, आणि पायांत घोट्याच्या वरपर्यंत येणारे काळे उंच बूट. पाठीवर १९ हा अंक. अशा माणसास रस्त्यांत पाहून कोणी वळून पाहिलें नसतें. त्याचा जोडीदार रेमंड बेरी हा तर निवडीच्या विसाव्या फेरींत आलेला, आणि त्याची दृष्टि अधू. इतर मंडळी सराव आटोपून स्नानास गेली तरी हे दोघे मैदानांतच असत. किती पावलें धांवल्यावर बेरी वळणार, आणि वळण्याच्या किती आधीं चेंडू हातांतून सुटला पाहिजे, याची घोकंपट्टी रोज चाले. बेरी पाठमोरा धांवत असतांनाच चेंडू निघालेला असे; तो वळला कीं चेंडू समोर हजर. मुरलेला गवई आणि त्याचा जुना तबलजी एकमेकांकडे न पाहतां समेवर येतात, तशांतला प्रकार. ज्यानें त्यांची मेहनत पाहिली नाहीं त्याला ती दैवी देणगी वाटावी.

आतां १९५८ सालाकडे येऊं. त्या हंगामाच्या मध्यावर युनायटसच्या बरगड्या मोडल्या आणि फुफ्फुसास इजा झाली. दोन सामने चुकले. पुढें अंगाला धातूचें कवच बांधून तो पुन्हां खेळूं लागला. कोल्ट्स अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पोंचले. २८ डिसेंबर, न्यूयॉर्कमधील यांकी स्टेडियम, समोर न्यूयॉर्क जायंट्स. मैदानांत ६४,१८५ प्रेक्षक, आणि सुमारें साडेचार कोटि माणसें घरोघर टेलिव्हिजनपुढें बसलेलीं.

मध्यंतरास कोल्ट्स १४-३ असे पुढें होते. नंतर फांसे फिरले. कोल्ट्सला शेवटचा पट्टा एका यार्डावर असतां जायंट्सनीं अडविलें, आणि बघतां बघतां १७-१४ अशी आघाडी घेतली. दोन मिनिटांहूनहि कमी वेळ उरला असतां कोल्ट्सला चेंडू मिळाला तो आपल्याच टोकापासून १४ यार्डांवर. म्हणजे समोर ८६ यार्ड मैदान. अशा वेळीं माणूस घाई करतो, ओरडतो. पडद्यावर हा भाग आम्हीं तीन वेळां पाहिला. युनायटस सावकाश नव्हता, पण घाईंतहि नव्हता. परीक्षेचा शेवटचा प्रश्न लिहीत असतां घंटेकडे न पाहणाऱ्या मुलासारखा तो दिसला. सर्वांस ठाऊक होतें कीं तो बेरीकडे फेंकणार. त्यानें बेरीकडेच फेंकलें. एकामागून एक तीनदां, मिळून ६२ यार्ड. मग स्टीव्ह मायरा नांवाच्या गड्यानें लाथ मारली. त्या हंगामांत त्याच्या लाथा हुकल्याच अधिक होत्या. ही नेमकी बसली. घड्याळांत सात सेकंद उरले होते. १७-१७.

अजिंक्यपदाचा सामना बरोबरींत येण्याचा हा पहिलाच प्रसंग. जो पक्ष प्रथम गुण मिळवील तो जिंकला, असा नियम केलेला होता, पण तो वापरण्याची वेळ कधीं आली नव्हती. आतां पुढें काय होणार, हें पुष्कळ गड्यांस ठाऊकच नव्हतें, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. पहिला डाव जायंट्सचा. त्यांस दहा यार्ड पुरे करतां आले नाहींत. मग कोल्ट्सकडे चेंडू आला, आणि त्यापुढें जें झालें त्यावरून 'डोकें कमी' या मताची किंमत वाचकांनींच करावी. बेरीच्या भयानें जायंट्सचा मधला रक्षक सॅम हफ हा आपली जागा सोडून थोडा मागें सरकूं लागला होता. युनायटसनें तें टिपलें, आणि पुढचा डाव नेमका त्या रिकाम्या जागेंतून काढला. ॲलन अमीची चेंडू घेऊन २३ यार्ड धांवत गेला. थोड्याच वेळानें कोल्ट्स अगदीं जवळ पोंचले, सातआठ यार्ड उरले. येथें मध्येंच टेलिव्हिजनची तार निसटून देशभरचे पडदे कोरे झाले. नेमक्या त्याच वेळीं एक माणूस मैदानांत धांवत आला, आणि त्याला पकडीपर्यंत खेळ थांबला. तो माणूस टेलिव्हिजन कंपनीचाच होता म्हणतात. तेवढ्यांत तार पुन्हां जोडली गेली.

आतां लाथ मारून तीन गुण मिळविले तरी सामना जिंकला असता. सर्वांची अपेक्षा हीच कीं कर्णधार आतां सांभाळून खेळेल. युनायटसनें चेंडू हवेंतून फेंकला. कडेला असलेल्या जिम मुचेलर या गड्यानें तो एक यार्डावर पकडला. लगेच पुढच्या डावांत अमीचीनें चेंडू आंत नेला. २३-१७. तेरा डाव, ८० यार्ड. सामना संपल्यावर पत्रकारांनीं त्याला विचारलें कीं, तो चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं लागला असता तर? त्याच्या उत्तराचा भावार्थ असा कीं, आपण काय करतों आहों हें ज्याला ठाऊक असतें त्याच्या बाबतींत तसें होत नाहीं. हें वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडीं असतें तर आम्हीं त्यास घमेंड म्हटलें असतें. त्या रात्रीं न्यूयॉर्कच्या एका लोकप्रिय टेलिव्हिजन कार्यक्रमांत येण्याचें त्याला बोलावणें होतें. संघाबरोबर घरीं जावयाचें म्हणून तो गेला नाहीं, अमीची गेला.

आज त्या खेळाभोंवतीं जो अपरंपार पैसा आणि गाजावाजा आहे त्याचा उगम पुष्कळ जण त्या संध्याकाळांत पाहतात. त्या पैशाची गोष्ट पुढें येईल.

मधलीं वर्षें आम्ही भरभर ओलांडतों. १९५९ सालीं कोल्ट्सनीं पुन्हां जायंट्सनाच हरवून अजिंक्यपद राखलें. १९५९, १९६४ आणि १९६७ या वर्षांचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. १९६० सालीं शिकागोच्या सामन्यांत त्याचें नाक फुटून रक्त थांबेना, तेव्हां एका सोबत्यानें मैदानांतली माती नाकांत भरली, आणि शेवटच्या कांहीं सेकंदांत त्यानें दूरवर चेंडू फेंकून सामना जिंकला, अशी गोष्ट सांगतात. आमच्या घरांतील मुलांस हीच सर्वांत आवडली. वहिनी म्हणाल्या, "हें कांहीं शिकण्यासारखें नाहीं," आणि त्यांचें आम्हांसहि पटलें.

१९६८ सालीं हंगामापूर्वींच्या सरावाच्या शेवटच्या सामन्यांत त्याच्या उजव्या कोंपरापाशीं जबर मार बसला. याच सरावाच्या सामन्यांत १९५५ सालीं त्याला उतरूं दिलें नव्हतें! तें वर्ष बहुतेक बाहेर बसूनच गेलें. पुढें १७ जानेवारी १९७१ रोजीं झालेल्या सुपर बोलमध्यें कोल्ट्सनीं डॅलसला १६-१३ असें हरविलें. त्यांत त्याच्या एका फेंकीवर ७५ यार्डांचा टचडाऊन झाला, आणि त्यानंतर मार बसून तो स्वतः बाहेर गेला. १९७३ सालीं त्याला सॅन डिएगोच्या संघास देऊन टाकलें, आणि १९७४ सालीं त्यानें खेळ सोडला. एकंदर ४०,२३९ यार्ड आणि २९० टचडाऊन. फेंकीनें चाळीस हजार यार्ड ओलांडणारा तो पहिलाच. १९७९ सालीं त्याचें नांव या खेळाच्या कीर्तिमंदिरांत दाखल झालें.

पुढचा भाग लिहितांना आम्हांस अवघड वाटतें. खेळ सोडल्यावर त्यानें अनेक धंदे केले. आई कोळशाचा धंदा सांभाळून होती. मुलास धंदा साधला नाहीं, आणि १९९१ सालीं त्याला दिवाळें जाहीर करावें लागलें. दोन्ही गुडघे बदलून झाले. १९९३ सालीं हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. आणि साठीच्या सुमारास उजवा हात निकामी होत गेला. कोंपराच्या जुन्या दुखापतीचा हा परिणाम. बोटांत जोर म्हणून राहिला नाहीं. सदऱ्याचीं बटणें लावतां येत नाहींत, दांत घासण्याचा ब्रश धरतां येत नाहीं, त्या हातीं जेवणाचा कांटा धरतां येत नाहीं, बुटाची नाडी बांधणें मोठें संकट. असें त्यानेंच एका वार्ताहरास सांगितलें. गोल्फ खेळावयाचें तर हात काठीला पट्ट्यानें बांधून घ्यावा लागे. हे तपशील आम्ही करुणरस उत्पन्न करण्यासाठीं देत नाहीं. बेरी वळण्याच्या आधीं चेंडू सोडणारीं तीं हींच बोटें.

त्यानें अपंगत्वाच्या भत्त्यासाठीं खेळाच्या निवृत्तिवेतन-व्यवस्थेकडे मागणी केली. ती नाकारण्यांत आली. कारण असें कीं, वयाच्या ५५ व्या वर्षाच्या आंत अर्ज करावयास हवा होता. हात गेला साठीला; अर्ज पंचावन्नच्या आंत कसा करावयाचा, हें नियमांत सांगितलेलें नसावें. घराघरांत पेन्शनीचे कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेलीं वडील माणसें आहेत, त्यांस या कारणाची भाषा परकी वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं, ज्या खेळाकडे साडेचार कोटि डोळे वळविण्यांत त्याचा वांटा होता, त्याच खेळाच्या तिजोरींतून हें उत्तर आलें.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनास लागली होती, ती हातापेक्षां अधिक कीं काय असें वाटतें. १९८४ सालीं, २८ आणि २९ मार्चच्या मधल्या रात्रीं, बर्फ पडत असतां, कोल्ट्सच्या मालकानें संघाचें सगळें सामान मालमोटारींत भरून बाल्टिमोरहून इंडियानापोलिस शहरीं हलविलें. सकाळीं गांव जागें झालें तों संघ गेलेला! आपल्याकडील लोकांस या गोष्टीचा अचंबा वाटेल. तेथें संघ गांवाचा म्हणवतो, पण असतो मालकाचा. युनायटसनें त्या नव्या कोल्ट्सशीं कांहीं संबंध ठेविला नाहीं. आपण बाल्टिमोरच्या कोल्ट्सचे, दुसऱ्या कोणाचे नव्हों, हें तो अखेरपर्यंत स्पष्ट सांगत असे. १९९६ सालीं बाल्टिमोरला रेव्हन्स नांवाचा दुसरा संघ आला, तेव्हां त्यांच्या सामन्यांत मैदानाच्या कडेला हा वांकलेल्या खांद्यांचा म्हातारा उभा दिसे. लोक खेळाकडे पाहात, आणि अधूनमधून त्याच्याकडे.

११ सप्टेंबर २००२ रोजीं बाल्टिमोरजवळील टिमोनियम येथें व्यायाम करीत असतां हृदयविकारानें त्याचें निधन झालें. वय ६९. बाल्टिमोरच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. हात चेंडू फेंकण्याच्या पवित्र्यांत, पायांत ते उंच बूट.

त्या बुटांचीच एक गोष्ट राहिली. युनायटस वारल्यावर इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याच्या मनांत आलें कीं, एका सामन्यापुरते आपण तसे काळे उंच बूट घालावे. गणवेशाच्या नियमांत तें बसत नसल्यामुळें २५,००० डॉलर दंड होईल, असें त्याला कळविण्यांत आलें, आणि त्यानें तो विचार सोडला. बाल्टिमोर रेव्हन्सचा क्वार्टरबॅक क्रिस रेडमन यानें कोणास न विचारतां ते बूट घातले आणि खेळला. त्याला ५,००० डॉलर दंड झाला. हा रेडमन लुईव्हिल विद्यापीठाचा विद्यार्थी.